आधी जिंकू, मग बघू

५ ऑगस्ट २०२१, गुरुवार

आज सत्तावीस फोन. गुरुवार म्हणजे पँट्रीचा, अडचणीतल्या विद्यार्थ्यांना फुकट शिधा देणाऱ्या आमच्या खोलीचा, फोनदिवस. सगळ्यांना तेच विचारायचं. तांदूळ की कणीक, डाळ कुठली, पॅड्स हवेत का, घरात कुणी पॉझिटिव्ह आहे का. एक मुलगा म्हणाला, "दीदी, तूर असेल तर बघ ना, मसूर खाऊन खाऊन विटलो." आणि लगेच, "सॉरी, सॉरी, काहीही चालेल." तुरीची डाळ मागायला सॉरी कशाला? फोन ठेवल्यावर मीच भिंतीला विचारलं.

सकाळी अकराला कोरोनाचे आकडे ऐकायचे, मग दिवस सुरू. वेंटवर्थव्हिलच्या या युनिटमध्ये लॉकडाऊनचे सहा आठवडे झाले. आम्ही घरापासून पाच किलोमीटरच्या आतच फिरायचं. समुद्राकडचे लोक वाळूवर पडलेले पेपरात दिसतात. नियम म्हणे सगळ्यांना सारखे.

अश्विनचा मेसेज आला. रविवारी चारला आपल्या पॅनलची मीटिंग, विषय एकच: स्टुडंट युनियनच्या प्रेसिडेंटपदाला आपला उमेदवार कोण. मला वाटलं, यात विषय कसला? बिनिता. गेल्या वर्षी कॅफे बंद पडले, इंटरनॅशनल मुलांना सरकारी मदत नाही हे कळलं, तेव्हा युनियन मीटिंगच्या तारखा ठरवत बसली होती. ही नेपाळातल्या चितवनची पोरगी, नर्सिंगचं शिकते, वृद्धाश्रमात शिफ्ट करते. हिने गिरावीनला मैत्रिणीच्या गॅरेजमध्ये तांदळाची पोती आणून टाकली. कॅम्पसवरची खोली, बोर्ड, उद्घाटन हे सगळं नंतरचं.

दुसरं पॅनल ती खोली परत मागतंय. लाउंज करायचंय, पूल टेबल टाकायचंय. त्यांचा माणूस आला तर पँट्री गेली. म्हणून यंदाची निवडणूक.


८ ऑगस्ट, रविवार

टॉम.

आमचा उमेदवार टॉम. लॉ, तिसरं वर्ष, इथलाच, सभ्य, डिबेटमध्ये छान बोलतो. पँट्रीत दोनदा आला, दोन्ही वेळा बरोबर फोटो काढणारा. (दुसऱ्यांदा खोकीही उचलली. लिहायचं तर पूर्ण लिहावं.)

कमिटीत सात जण, आज सहा. रविवारी चारला बिनिताची शिफ्ट असते हे सगळ्यांना माहीत आहे. वेळ बदला असं कुणी म्हणालं नाही. मीही नाही.

बोलला मुख्यतः अश्विन. आमच्या पॅनलचं डोकं तो. पुण्याचा, डेटाचं मास्टर्स, सगळ्याची शीट असते. "माझा पर्सनली बिनिताला फुल सपोर्ट आहे. पण प्रश्न आपला नाही, व्होटर्सचा आहे. लोकल मुलं तिला देणार नाहीत. तिचा अ‍ॅक्सेंट, तिचं ते चिडणं. अमेरिकेत मागच्या वर्षी काय केलं? लाडका नाही, निवडून येणारा दिला. आला ना? आधी जिंकू, मग बघू."

टॉम म्हणाला, टीमला वाटत असेल तर मी मागे सरकतो, नो वरीज. टीमला तसं वाटत नव्हतं, आणि हे त्याला बोलायच्या आधीच माहीत होतं.

मी म्हटलं, काम तिने केलंय. त्यावर अश्विनचा मला एकटीला मेसेज, मराठीत: "अगं, इंटरनॅशनल ऑफिसरची सीट आहे ना तिच्यासाठी. आपल्याकडे राखीव वॉर्ड असतो तसं. तिथून बिनविरोध येईल. ओपनमधून रिस्क कशाला?"

वाचून माझे कान तापले. उत्तर टाईप केलं, पुसलं. तेवढ्यात टॉमच्या नावाला हात वर करा म्हणाले. स्क्रीनवर पिवळे हात उगवले. एक, दोन, तीन, चार.

पाचवा माझा.


९ ऑगस्ट, सोमवार

का? हेच विचारतेय सकाळपासून. पँट्री वाचली पाहिजे म्हणून? हो. सेक्रेटरीसाठी माझं नाव आहे म्हणून? तेही असेल. आणि अश्विन इतका शांत बोलतो की त्याच्यापुढे आपणच आरडाओरडा करतोय असं वाटतं. मी तर एक शब्दही ओरडले नव्हते.

यापुढे त्याचं नाव पूर्ण लिहिणार नाही. नुसतं अ.

'आपल्याकडे राखीव वॉर्ड असतो तसं.' कुणाला सांगतोय हा? मूर्तिजापुरात माझ्या बाबांनी वीस वर्षं भिंती रंगवल्या. पेंटर तायडे. पार्टीचं चिन्ह, उमेदवाराचं नाव, हात जोडलेला फोटो असेल तर तोही, कुणाहीपेक्षा हुबेहूब. गल्लीतल्या नळासाठी नगरपरिषदेत रोज उभे राहायचे ते बाबा. तिकिटाची वेळ आली की तालुक्याचे साहेब खांद्यावर हात ठेवायचे. बाबा अजून त्याची नक्कल करतात: "मले म्हने, तायडेभाऊ, तुमच्यासारखा कार्यकर्ता नाही. पण हा वॉर्ड ओपन हाय. इथून आपला माणूस निंगत नाही. वॉर्ड राखीव झाला का तुम्हीच!" राखीव झाला तेव्हा महिला राखीव. आईला सही येत नाही म्हणून तिकीट दुसऱ्याच्या बायकोला.

नक्कल करताना ते हसतात. मी लहानपणी त्यांच्याबरोबर हसायचे. घरातली पहिली ग्रॅज्युएट मी, सरकारी स्कॉलरशिपवर समुद्र ओलांडून आले आणि पहिल्या संधीला तालुक्याच्या साहेबांच्या बाजूने हात वर केला.

बिनिताला अ.ने कळवलं. तिचा ग्रुपवर अंगठा आला. नुसता अंगठा.


१२ ऑगस्ट, गुरुवार

ठरवलंय. अ.ला शीटचीच भाषा कळते ना? शीट देते.

आज फोनवर डाळ-तांदूळ झाल्यावर प्रत्येकाला एक जास्तीचा प्रश्न. बिनिता प्रेसिडेंटला उभी राहिली तर मत द्याल का? वहीत जशीच्या तशी उत्तरं लिहून घेतली.

लुधियानाचा मुलगा: "मैं तो दूँगा जी. गोरे नहीं देंगे."

बेंडिगोहून आलेली एक इथली मुलगी, तीही गेल्या महिन्यापासून खोकं घेते: ती देईल, पण इंटरनॅशनल मुलं मतच देत नाहीत ना?

चेन्नईची: ती देईल, पण उत्तरेकडचे तिला आपलं मानणार नाहीत.

नाशिकचा एक: "मी देईन हो ताई. पण आपले मराठी लोक नेपाळी मुलीला देतील का? तुम्हीच सांगा."

बिनिताच्याच गावाकडचा: तो देईल, पण बाई म्हणून...


१४ ऑगस्ट, शनिवार

वही तीनदा वाचली. नाही म्हणणारं कुणीच नाही. एकही नाही! प्रत्येक जण देणार आहे आणि प्रत्येकाला खात्री आहे की दुसरा देणार नाही. हा 'दुसरा' कोण? मला तो एकाही फोनवर भेटला नाही. ज्याला कुणी पाहिलं नाही त्याच्या भीतीने आम्ही उमेदवार ठरवतो.

सगळं टाईप करून अ.ला पाठवलं. खाली लिहिलं: आता बोल.

जेवताना आठवड्यात प्रथमच चव लागली.


१५ ऑगस्ट, रविवार

बोलला.

"ग्रेट वर्क, यार! हेच तर मी म्हणतोय. लोकांना वाटतं ती येणार नाही. लोकांना तसं वाटतं म्हणजेच ती येणार नाही. परसेप्शनच डेटा असतो."

मी म्हटलं, अरे, सगळे हो म्हणालेत.

"फोनवर तोंडावर कोण नाही म्हणेल? पण 'पण' म्हणालेत ना सगळे? 'पण'च्या पुढचं वाच."

माझा कागद, माझ्यावरच उलटवला. आणि तोच कागद त्याने कमिटीच्या ग्रुपवर टाकला. वर लिहिलं: 'मित्राने केलेला सर्व्हे.' माझं नाव संघमित्रा. इथे आल्यावर सगळ्यांनी मित्रा केलं.

ग्रुपमध्ये बिनिता आहे.


१७ ऑगस्ट, मंगळवार

बिनिताने पार्कात बोलावलं. चालायला जायची परवानगी आहे. दीड मीटर अंतर, दोघींचे मास्क. शिफ्टवरून आलेली, नाकाच्या हाडावर मास्कचा वळ.

मी सॉरीने सुरुवात केली. अ.ला कसं दाखवून द्यायचं होतं, हे सांगायला लागले. तिने मधेच थांबवलं.

"राशन की लिस्ट से पूछा तूने?"

हो म्हटलं.

"जिसको चावल चाहिए, उसको पूछा, चावलवाली को वोट देगा क्या?"

मी मास्क नीट केला.

"वो क्या बोलेगा, मित्रा? ना बोलेगा?" मग थोडं चालून, पाठ माझ्याकडेच: "और मुझसे? मुझसे किसी ने पूछा, खड़ी होना है क्या? टॉम ने नहीं, अश्विन ने नहीं. तूने सत्ताईस लोगों से पूछा."

बाकावर बसलो. बाकाची दोन टोकं. एक म्हातारा कुत्र्याला घेऊन चालला होता, "लव्हली आर्वो, गर्ल्स" म्हणाला, आर्वो म्हणजे इथली दुपार. बिनिता त्याला हसली. माझ्याकडे पाहिलं नाही.

मी विचारलं, तुला उभं राहायचंय?

"अभी मत पूछ. अभी तू शरम से पूछ रही है."


१९ ऑगस्ट, गुरुवार

आज पुन्हा सगळ्यांना फोन. मागच्या वेळी मी जे विचारलं त्याचा आणि खोक्याचा काही संबंध नाही. कुणाला मत द्यायचं ते तुमचं. बॉक्स येणारच. मी विचारायला नको होतं. सत्तावीस वेळा म्हटलं. सत्ताविसाव्या वेळीही तोंड कडू.

बहुतेकांनी 'इट्स ओके दीदी' म्हटलं. नाशिकचा घाबरला. "ताई, मी हो म्हटलं होतं ना? तसंच लिहिलंय ना तुम्ही? काढून नका टाकू." किती समजावलं. शेवटी म्हणाला, "बरं. पण लिहिलेलं राहू द्या."

माझ्यावर इतका राग आजवर दुसऱ्या कुणीही काढला नसेल. मीच काढतेय.


२३ ऑगस्ट, सोमवार

आजपासून रात्री नऊ ते पाच संचारबंदी, आमच्या भागातच. रस्त्यात मास्क. दिवसातून एक तास बाहेर. दुपारी हेलिकॉप्टर घरांवरून घिरट्या घालत होतं. खाली काय शोधतात? तांदळाची पोती?

बिनिताचा फोन. उभी राहतेय. पॅनलशिवाय, एकटी.

का, ते तिने दोन वाक्यांत सांगितलं. वृद्धाश्रमातल्या एका आजीला तिने सगळी हकीकत सांगितली, तर आजी म्हणाल्या, मग अर्ज कुठे मिळतो? "बस, उसने इतना ही पूछा. 'जीतेगी क्या' नहीं पूछा."

दोन सूचक लागतात. एक तिच्या वर्गातली. दुसरी मी होऊ का म्हटलं. "हो सकती है. लेकिन फिर उनके पैनल पे सेक्रेटरी मत रहना. दोनों तरफ पैर नहीं."

शुक्रवारी पाचपर्यंत अर्ज.


२५ ऑगस्ट, बुधवार

बाबांना सांगितलं. मे महिन्यात ऑक्सिजन लावला होता, अजून दोन वाक्यांत दम लागतो. बॉर्डर बंद म्हणून मी इथे बसून फोनवर त्यांचा श्वास ऐकत होते, ते दिवस अजून अंगातून गेले नाहीत. म्हणून त्यांच्याशी जोरात बोलत नाही. आज बोलले. सेक्रेटरीपद सोडू का नको, मतं फुटली आणि लाउंजवाले आले तर पँट्री माझ्यामुळे जाईल, सगळं एका दमात.

बाबा: "निवडून येते का थे पोरगी?"

"तुम्हीही तेच विचारा!"

"इचारू नाही तं काय करू? वीस वर्सं तेच आयकलं." मग खोकला. मग: "मी उभा रायलो असतो तं पडलोच असतो, सांगतो तुले. तीनशे मतानं पडलो असतो. पण साल्यायनं पडूबी देलं नाही."

मागून आई: "त्याईले बोलू नको देऊ जास्त! आन् तू जेवली का?"

यातून पँट्री जाऊही शकते. हे स्वतःपासून लपवायचं नाही.


२७ ऑगस्ट, शुक्रवार

सकाळी सही केली. दुपारी पॅनलला राजीनामा. तीन ओळी, आभार नाहीत.

अ.चा फोन दहा मिनिटांत. आवाज पहिल्यांदा चढलेला. "तुला कळतंय का काय करतेयस? अर्धे लोक नुसतं १ लिहून सोडतात. तुझ्या इमोशनल ड्राम्यात लाउंजवाले येतील."

मी म्हटलं, मग मत कसं द्यायचं ते सांगणाऱ्या तुमच्या कार्डावर छापा: टॉम १, बिनिता २. आम्ही उलटं छापू. मतं फुटणार नाहीत. या देशात पसंतीचे नंबर लावायची सोय त्यासाठीच आहे, १ वाला मागे पडला की मत २ वाल्याकडे जातं.

"दोन नंबरला तिला टाकलं की ती खरंच कँडिडेट आहे असं होतं ना."

"ती आहेच कँडिडेट!"

"तू चिडलीस की लॉजिक जातं तुझं."

मग मी ते बोलले जे ८ तारखेला बोलायला हवं होतं. राखीव वॉर्ड काय असतो ते तुला माहीत आहे का? कुणाला त्यात बसवून दार बाहेरून लावून घेतात ते? मी त्याच दाराच्या आतून आलेय. एकोणीस दिवस उशिरा, पण बोलले.

तो एकदम मऊ झाला. "अगं, मी तसं म्हणालो नव्हतो. तुझं सरनेम वगैरे माझ्या डोक्यातही नव्हतं. मी या गोष्टी मानतच नाही."

खरं असेल. त्याच्या डोक्यात नव्हतंच. मला नेमका त्याचाच राग येतो.


६ सप्टेंबर, सोमवार

आमचं कार्ड तयार. बिनिता १, टॉम २, लाउंजवाला ३. टॉम २ वरून आमच्यात भांडण झालं. मला ती जागा रिकामी सोडायची होती. बिनिता ऐकेना. "पँट्री मेरी है कि तेरा गुस्सा?"

त्यांचं कार्ड आलं. टॉमचा हसरा फोटो, टॉम १, आणि पुढे काही नाही. खालच्या ओळीत: 'पँट्री वाचवा.' मागे शेल्फ आहे ते बिनिताच्या हातचं. कडधान्यांच्या डब्यांवरच्या चिठ्ठ्यांचं अक्षरही तिचंच.

टॉमने मला फोन केला. कार्ड मी ठरवलं नाही, म्हणाला. मग तू बदल, मी म्हटलं. म्हणाला, टीमशी बोलावं लागेल. मी विचारलं, तू मनाने वाईट नाहीस, तुला याने झोप येते का? "फेअर इनफ, मित्रा" म्हणाला आणि कार्ड तसंच राहिलं.


१३ सप्टेंबर, सोमवार

सकाळच्या चालण्यात मॅगपाय पक्ष्याने डोक्यावर झडप घातली. त्यांचे पिल्लांचे दिवस. सायकलवाल्याने ओरडून सांगितलं, "डोळ्यात डोळे घालून बघ, मग नाही येत!" बघितलं. तरी आला.

बिनिता काल ऑनलाईन सभेत बोलली. अ‍ॅक्सेंट होता. चिडलीही. टॉमने विचारलं, पँट्रीसाठी तुमचं धोरण काय? ती म्हणाली, धोरण नाही, गुरुवार आहे. कुणी हसलं, कुणी टाळ्या वाजवल्या. किती जण ऐकत होते ते दिसत होतं, पण आकड्याकडे बघायचं नाही असं ठरवलंय. तरी बघितलं. टॉमपेक्षा कमी, लाउंजवाल्यापेक्षा जास्त.

तो मसूरवाला मुलगा सभेत होता. त्याने चॅटमध्ये स्वतःच्या नावाने लिहिलं: आय अ‍ॅम व्होटिंग बिनिता. 'पण' नाही. या वेळी मी त्याला विचारलं नव्हतं.


१५ सप्टेंबर, बुधवार

मतदान सुरू. उद्या पाचला बंद.

सकाळी बिनिताचा मेसेज: शिफ्टच्या आधी मत दिलं, १ मी, २ टॉम, तू पण दे. पुढे हसरा चेहरा. तिला हसू येतं.

दुपारी लॅपटॉप उघडला. तीन नावं, तीन रिकाम्या चौकटी. बिनितापुढे १ लिहिलं. मग टॉमच्या चौकटीत कर्सर ठेवला.

२ लिहिलं तर अ. बरोबर ठरतो. शेवटी सगळे टॉमकडेच येतात, त्यांनी आम्हाला न विचारता, बिनिताचं नाव त्यांच्या कार्डावर न छापताही. नाही लिहिलं आणि चार मतांनी लाउंजवाला आला, तर नाशिकच्या त्या मुलाला गुरुवारी मी काय सांगू? माझी चौकट स्वच्छ होती, म्हणून?

बिनिताचं बरोबर आहे. हे मला ६ तारखेपासून माहीत आहे. तरी बोट खाली जात नाही.

पानावर वर लाल अक्षरात आलं: बराच वेळ हालचाल नाही, पाच मिनिटांत लॉग आउट. मी बघत राहिले. चार. तीन. मग पान गेलं, १ सुद्धा गेला.

पुन्हा लॉग इन केलंय. बिनिता १.

दुसरी चौकट अजून रिकामी. उद्या पाचपर्यंत वेळ आहे.